कोल्डमधे ७० टक्के आणि हॉटमधे ३ टक्के, फ्लोरिन-१८ लेबलिंगमधे माझं कुठे चुकतंय?

हॉटसेल_नवखी:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण कृपया वाचा. ऑरगॅनिकमधे एमएस्सी केलं आणि आठ महिन्यांपूर्वी एका रेडिओकेमिस्ट्रीच्या प्रोजेक्टवर जेआरएफ म्हणून लागले. पेट स्कॅनसाठी नवीन ट्रेसर (शरीरात सोडून कुठे जातो ते स्कॅनमधे बघायचा किरणोत्सारी रेणू) बनवायचाय, रेणू कुठला ते इथे सांगता येणार नाही, पण मेंदूत जायला हवा, लहानसा आहे आणि फ्लोरिन बेंझीन रिंगवर बसवायचाय. रिंग इलेक्ट्रॉन-रिच आहे म्हणजे नायट्रो ग्रुप उडवून तिथे सरळ फ्लोराईड घालायचा जुना रस्ता बंद. म्हणून बोरॉनचा पिनाकॉल एस्टर प्रीकर्सर, म्हणजे ज्यावर फ्लोरिन बसवायचा तो आधीचा रेणू, बनवला (त्यातच चार महिने गेले) आणि कॉपर वापरून लेबलिंग करतेय.

कोल्डमधे, म्हणजे साध्या फ्लोरिन-१९ ने, झकास चालतं. पोटॅशियम फ्लोराईड ४ इक्विव्हॅलंट, कॉपर ट्रायफ्लेट-पिरिडीन कॉम्प्लेक्स, डीएमएफ, ११० डिग्री, झाकण लावलेली साधी वायल, ७० टक्के यील्ड, तीनदा केलं तीनदा तेच. आणि हॉटमधे, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ ने, २ ते ३ टक्के! सहा रन झाले. मॉड्यूल (लेबलिंगचं मशीन) आम्हाला आठवड्यातून एकदाच मिळतो, सकाळची एफडीजीची (नेहमीच्या पेट स्कॅनची किरणोत्सारी साखर) बॅच गेली की दुपारी, त्यामुळे सहा रन म्हणजे दीड महिना गेला.

हॉटमधे करते ते असं: इलुअंट, म्हणजे कार्ट्रिजवरचं फ्लोराईड धुवून काढायचं द्रावण, एफडीजीचंच, क्रिप्टोफिक्स (पोटॅशियमला धरून फ्लोराईड मोकळं करणारा रेणू) १५ मिग्रॅ आणि पोटॅशियम कार्बोनेट ३ मिग्रॅ, मग ॲसिटोनायट्राईल घालून दोनदा ड्राय डाऊन (गरम करून पाणी उडवणं), मग प्रीकर्सर ५ मिग्रॅ आणि कॉपर कॉम्प्लेक्स १४ मिग्रॅ डीएमएफमधे, नायट्रोजनखाली ११० डिग्रीला २० मिनिटं. सुरुवातीची ॲक्टिव्हिटी (किरणोत्साराचं माप) साधारण १० गिगाबेकरेल.

दुसरा प्रश्न. लॅबमधले एक सिनिअर म्हणतात कशाला फ्लोरिनच्या मागे लागलात, गॅलियम-६८ जनरेटरमधून काढा, चिलेटर (धातूला पकडून ठेवणारा गट) लावा, पंधरा मिनिटात लेबल. खरंच असं आहे का? मला आता आपलं काम उगाच अवघड रस्त्याने चाललंय की काय असं वाटायला लागलंय.

राईनकाठचा:

ताई, आधी एक सांगतो, प्रीकर्सर ठीक आहे तुमचा. कोल्डमधे ७० आलं म्हणजे केमिस्ट्री बसते आहे. घोळ वेगळीकडे आहे आणि ऑरगॅनिकमधून इकडे येणारा प्रत्येक जण त्यात अडकतो, मी पण अडकलो होतो, जर्मनीत आल्यावर पहिलं अख्खं वर्ष.

कोल्डमधे तुम्ही फ्लोराईड चार पट घेतलंत, म्हणजे फ्लोराईड मुबलक आणि प्रीकर्सर कमी. हॉटमधे हे पूर्ण उलटं होतं. १० गिगाबेकरेल ऐकायला प्रचंड वाटतं ना, पण त्यात फ्लोरिन-१८ चे अणू किती ते कधी मोजलेत का? हाफ लाईफ ११० मिनिटं धरून हिशोब केला तर ०.१६ नॅनोमोल येतं. नॅनो! सोबत टार्गेटमधून, ट्यूबिंगमधून, कार्ट्रिजमधून साधं फ्लोरिन-१९ येतंच, ते धरून समजा १०० नॅनोमोल झालं. तुमचा प्रीकर्सर ५ मिग्रॅ म्हणजे अंदाजे १० मायक्रोमोल. म्हणजे प्रीकर्सर फ्लोराईडच्या शंभर पट आहे, आणि नुसत्या फ्लोरिन-१८ शी तुलना केली तर साठ हजार पट. अशा ठिकाणी बाकी जे काही थोडंथोडकं वायलमधे आहे ते सगळं तुमच्या फ्लोराईडपेक्षा जास्त आहे आणि तेच रिॲक्शन ठरवतं. एक मायक्रोलिटर पाणी राहिलं तर ते ५५ मायक्रोमोल, तुमच्या फ्लोरिन-१८ च्या तीन लाख पटीपेक्षा जास्त.

आता तुमचं इलुअंट बघा. पोटॅशियम कार्बोनेट ३ मिग्रॅ म्हणजे २२ मायक्रोमोल. कॉपर कॉम्प्लेक्स १४ मिग्रॅ म्हणजे २० मायक्रोमोल. बेस आणि कॉपर बरोबरीला आले की! वर क्रिप्टोफिक्स ४० मायक्रोमोल. एफडीजीत हे चालतं कारण तिथे मॅनोज ट्रायफ्लेटवर सरळ एसएन-टू (फ्लोराईडने ट्रायफ्लेटला हटवून त्याची जागा घेणं) आहे, पण कॉपरच्या केमिस्ट्रीत कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्स दोन्ही कॉपरला धरून बसतात आणि शिवाय बेसमुळे बोरॉन गळून तिथे हायड्रोजन बसतो. हे सगळ्यांना नडलेलं आहे, २०१४ मधे ऑक्सफर्डच्या गुव्हर्नर यांच्या ग्रुपने बोरॉन एस्टरवर ही पद्धत दाखवली तेव्हा सगळे खूश झाले, पण मोठ्या ॲक्टिव्हिटीला आणि मॉड्यूलवर नेताना बेसचा हा त्रास पुढे आला. मिशिगनच्या लोकांनी मग इलुअंटमधे पोटॅशियम ट्रायफ्लेट मुख्य ठेवलं आणि कार्बोनेट अगदी मायक्रोग्रॅममधे. जर्मनीतल्या युलिशच्या ग्रुपने २०१७ मधे दाखवलं की ब्युटेनॉलसारखं अल्कोहोल घातलं तर ही रिॲक्शन उलट सुधारते, जे आपल्याला शिकवलंय त्याच्या विरुद्ध वाटतं, कारण फ्लोराईडला ओएच दिसला की ते त्यालाच चिकटून बसतं असं आपण धरून चालतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. तुम्ही नायट्रोजनखाली का करताय? कोल्डची वायल साधी झाकण लावलेली होती, तिच्यात हवा होती. या रिॲक्शनमधे कॉपर-दोन चं कॉपर-तीन व्हावं लागतं, त्याला ऑक्सिजन लागतो. मॉड्यूल सवयीने नायट्रोजन भरतो कारण तो एफडीजीसाठी तसा लावलेला असतो. प्रीकर्सर घातल्यावर सिरिंजने १०-१५ मिली हवा आत सोडा आणि बघा. मला तर वाटतं तुमचा निम्मा यील्ड इथेच अडकलाय.

बीमवाला:

वरच्या दादांनी केमिस्ट्रीचं सांगितलं, मी सायक्लोट्रॉनच्या बाजूचं सांगतो, १२ वर्षं बीम देतोय.

मॅडम, सहा रन केलेत पण प्रत्येक रनला ॲक्टिव्हिटी कुठे कुठे गेली हे मोजलंत का? माझ्याकडे कुठलाही नवीन मुलगा आला की मी त्याला आधी वही देतो आणि सांगतो डोस कॅलिब्रेटरला (ॲक्टिव्हिटी मोजायच्या यंत्राला) प्रत्येक गोष्ट लाव. इल्यूट केल्यावर क्यूएमए कार्ट्रिजवर (टार्गेटच्या पाण्यातलं फ्लोराईड पकडणाऱ्या) किती राहिलं, ड्राय डाऊनच्या ट्रॅपमधे किती गेलं, रिॲक्शन वायल रिकामी केल्यावर तिच्या काचेवर किती चिकटलंय, वेस्टमधे किती. सगळ्याची वेळ लिहायची आणि सगळं एका वेळेला डीके करेक्ट करायचं (मधल्या वेळात क्षय होऊन गेलेलं हिशोबात धरायचं), नाहीतर आकडे जुळतच नाहीत. ९० मिनिटं गेली की मुळातलं ५७ टक्केच उरतं, त्यामुळे डीके करेक्ट न करता "यील्ड कमी आला" म्हणण्याला अर्थ नाही आणि करेक्ट करून "यील्ड ३० टक्के आला" म्हणणाऱ्याने पेशंटला प्रत्यक्षात किती मिळालं ते पण सांगावं.

आमच्याकडे एकदा असंच तीन आठवडे यील्ड पडत होता आणि सगळे प्रीकर्सरला दोष देत होते. मोजल्यावर कळलं की ४० टक्के ॲक्टिव्हिटी क्यूएमएवरच बसून राहत होती. कार्ट्रिज क्लोराईड फॉर्ममधे येतं, ते आधी बायकार्बोनेटने कंडिशन करून भरपूर पाण्याने धुवायचं असतं, आणि कुणीतरी ती स्टेप घाईत अर्धीच करत होतं. केमिस्ट्रीचा काही संबंधच नव्हता.

ड्राय डाऊनबद्दल, कमी वाळवलं तर पाणी राहतं हे खरं पण खूप वेळ गरम करत राहिलात तर फ्लोराईड काचेच्या भिंतीला असं धरतं की मग डीएमएफ काय काहीही घाला, सुटत नाही. आणि तुम्ही क्रिप्टोफिक्स काढून टाकलंत तर हे आणखी वाढेल, म्हणून सॉल्व्हंट टाकल्यावर भिंती धुवून निघतील अशा बेताने टाका आणि लगेच रिकाम्या वायलची ॲक्टिव्हिटी बघा.

टार्गेटचं पण विचारा तुमच्या ऑपरेटरला. ऑक्सिजन-१८ चं पाणी असतं आपल्याकडे, निसर्गात ऑक्सिजन-१८ फक्त ०.२ टक्के असतो म्हणून एनरिच केलेलं महागडं पाणी आणावं लागतं, त्यावर प्रोटॉन मारला की न्यूट्रॉन बाहेर आणि फ्लोरिन-१८ तयार. टार्गेट नायोबियमचं असेल तर चांगलं, पण खूप बीम झालेलं आणि साफ न केलेलं असेल तर मेटलचे आयन सोबत येतात आणि फ्लोराईड नीट रिॲक्ट होत नाही. आणि टार्गेटपासून हॉट सेलपर्यंतची लाईन टेफ्लॉनची आहे का बघा, टेफ्लॉन म्हणजे फ्लोरिनच, त्यातून कोल्ड फ्लोराईड सुटतं आणि मोलर ॲक्टिव्हिटी (एकूण रेणूंच्या मानाने ॲक्टिव्हिटी किती) खाली येते. मेंदूच्या रिसेप्टरसाठी ट्रेसर असेल तर हे फार महत्त्वाचं, रिसेप्टर मोजकेच असतात, कोल्ड रेणूंनी ते भरून टाकले तर हॉट रेणूला जागा कुठे राहणार.

न्यूक्मेड_डॉक्टर:

गॅलियमच्या प्रश्नावर मी बोलते, मी पुण्यात पेट रिपोर्टिंग करते.

तुमच्या सिनिअरचं म्हणणं पेप्टाईडसाठी आणि पीएसएमएसाठी (प्रोस्टेट कॅन्सरच्या ट्रेसरसाठी) बरोबर आहे. जनरेटर टेबलावर बसतो, जर्मेनियम-६८ ची हाफ लाईफ २७१ दिवस म्हणजे एक जनरेटर अनेक महिने पुरतो, सायक्लोट्रॉन नको. पण गॅलियम धरायला चिलेटर लागतो आणि चिलेटर म्हणजे रेणूला मोठं गाठोडं बांधण्यासारखं आहे. तुमचा रेणू लहान आहे आणि मेंदूत जायला हवा म्हणता, गाठोडं बांधलं तर तो रक्त आणि मेंदूमधल्या आडोशापलीकडे जाणारच नाही. फ्लोरिनचा अणू लहान, कार्बनशी त्याचं बंधन मजबूत, औषधांमधे मुळातच फ्लोरिन असतो. तुमच्यापुढे गॅलियमचा पर्यायच नाहीये, त्यामुळे तो विचार मनातून काढून टाका.

दुसरं, चित्र. गॅलियम-६८ चा पॉझिट्रॉन १.९ एमईव्ही पर्यंत जातो, फ्लोरिनचा ०.६३५ वर थांबतो, म्हणजे तो निघाला तिथून फार लांब न जाता विरून जातो आणि आपल्याला ५११ केईव्हीचे दोन फोटॉन जवळपास खऱ्या जागेवरून मिळतात. लहान गाठीत हा फरक डोळ्याला दिसतो. आणि वेळ. मुंबईहून नाशिकला गाडीने चार तास धरा, फ्लोरिनचं तरी पाचवा हिस्सा हातात राहतं, गॅलियमची ६८ मिनिटांची हाफ लाईफ धरली तर १० टक्केसुद्धा राहत नाही. आपल्याकडे सायक्लोट्रॉन मोठ्या शहरात आणि पेशंट सगळीकडे, त्यामुळे ११० मिनिटं ही फार मोलाची गोष्ट आहे.

पण एक गोष्ट आत्तापासून डोक्यात ठेवा असं मला मनापासून सांगायचंय. लेबल लागलं म्हणजे ट्रेसर झाला असं नाही. शरीरात गेल्यावर कार्बन-फ्लोरिन तुटून मोकळं फ्लोराईड सुटलं तर ते थेट हाडात जाऊन बसतं, सोडियम फ्लोराईडने आम्ही हाडांचा स्कॅन करतोच ना, तेच होतं. मेंदूच्या ट्रेसरमधे कवटी पेटली की बाजूच्या कॉर्टेक्समधे काय दिसतंय त्यावर विश्वास ठेवता येत नाही. तुमचा फ्लोरिन बेंझीन रिंगवर आहे हे त्या दृष्टीने चांगलं, साखळीवरच्या फ्लोरिनपेक्षा तो जास्त टिकतो. पीएसएमए-१००७ सारखा चांगला ट्रेसर घ्या, लघवीवाटे फारसा जात नाही म्हणून मूत्राशयाच्या आसपास सुंदर दिसतं, पण त्यात बरगड्यांमधे उगाच ठिपके दिसतात आणि ते मेटास्टेसिस आहेत की नाहीत यावर आम्ही रोज डोकं खपवतो. उंदरांवरचे पहिले स्कॅन येतील तेव्हा सगळ्यात आधी हाडं बघा.

आणि हो, यील्डचा आकडा म्हणजे नुसता थिसिसमधला आकडा नाही. मी जिथे आधी होते तिथे एका सकाळी बॅच क्यूसीमधे (गुणवत्ता तपासणीत) फेल झाली, जळगावहून रात्रीची गाडी पकडून आलेलं एक कुटुंब होतं, आजोबा चौदा तास उपाशी. त्यांना परत जा म्हणून सांगायला मीच गेले होते. तो चेहरा विसरले नाहीये अजून.

हॉटसेल_नवखी:

बाप रे, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. नायट्रोजनचं वाचून मी खुर्चीतून उठलेच, कोल्ड आणि हॉटमधला तो फरक माझ्या लक्षातच आला नव्हता! एक शंका, माझ्या एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) क्रूडमधे, म्हणजे शुद्ध न केलेल्या मिश्रणात, प्रॉडक्टचा पीक ९ टक्के दिसतो पण आयसोलेट केल्यावर २-३, तर मधले कुठे जातात?

राईनकाठचा:

मोबाईल फेजमधे ॲसिड आहे का? असेल तर मोकळं फ्लोराईड सिलिकाच्या सी-१८ कॉलमवर अडकून राहतं, बाहेर येतच नाही, म्हणून डिटेक्टरला ते कमी दिसतं आणि प्रॉडक्टचे टक्के फुगतात. क्रूडचं खरं चित्र टीएलसीवर (पातळ थराच्या प्लेटवर) बघा, फ्लोराईड खाली बसतं तेवढं तरी दिसतं. नाहीतर कॉलमच्या आधी किती इंजेक्ट केलं आणि नंतर एकूण किती बाहेर आलं ते मोजा, बीमवाले दादांची वही इथे पण चालेल.

जुना_परळकर:

उशिरा येतोय चर्चेत. मी आता रिटायर आहे, पण २००२ मधे परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरमधे देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन सुरू झालं त्या काळात आम्ही याच क्षेत्रात होतो. त्याआधी पेट म्हणजे परदेशी जर्नलमधे वाचायची गोष्ट होती. पहिली पेट चित्रं बघितली तेव्हा काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

बेटा, तुला ३ टक्क्यांचं वाईट वाटतंय म्हणून एफडीजीची गोष्ट सांगतो, कारण आज जो एफडीजी सकाळी बटण दाबलं की अर्ध्या तासात निघतो त्याची पण सुरुवात अशीच होती. हा रेणू कोल्डमधे १९६८ सालीच प्रागमधे पाचाक आणि मंडळींनी बनवला होता, शुगर केमिस्ट्री म्हणून, स्कॅनचा तेव्हा काही विषय नव्हता. मग अमेरिकेत ब्रुकहेवनला वुल्फ, फाउलर आणि जपानहून आलेले इडो यांनी त्यावर फ्लोरिन-१८ बसवायचं ठरवलं. मागे सोकोलॉफ यांचं कार्बन-१४ वालं डीऑक्सिग्लुकोजचं काम होतं, की मेंदूचा जो भाग काम करतो तो साखर ओढतो, आणि डीऑक्सी रूप एकदा फॉस्फेट होऊन आत अडकलं की पुढे जात नाही. पण कार्बन-१४ कवटीबाहेरून दिसत नाही, त्यासाठी प्राण्याचा मेंदू कापून बघावा लागतो. माणसासाठी पॉझिट्रॉन देणारा काहीतरी हवा होता आणि दोन नंबरच्या जागी फ्लोरिन बसवला तरी तो तसाच अडकतो.

तेव्हा फ्लोराईडने करायची सोय नव्हती, फ्लोरिन वायू वापरायचे. तो वायू हाताळायला वाईट, त्यात कोल्ड फ्लोरिन वाहक म्हणून घालावाच लागायचा, यील्ड अगदी कमी. ऑगस्ट १९७६ मधे ब्रुकहेवनला बनवलेला डोस विमानाने फिलाडेल्फियाला नेला आणि तिथे अलावी यांच्याकडे माणसाला पहिल्यांदा दिला. विचार कर, दर ११० मिनिटाला अर्धा होणारा पदार्थ, तो विमानात. आणि मग दहा वर्षं! १९८६ मधे युलिशला हामाखर, कोएनेन आणि श्टॉक्लिन यांनी क्रिप्टोफिक्स घालून, मॅनोजच्या ट्रायफ्लेटवर कोरडं केलेलं फ्लोराईड घालून तो एका झटक्यात ५० टक्क्यांच्या वर नेला. रेणू तोच, फ्लोराईड मोकळं कसं करायचं ते उमगायला दहा वर्षं गेली. आज तू जे क्रिप्टोफिक्स काढून टाकणार आहेस तेच त्या वेळी उत्तर होतं, प्रत्येक रेणूचं आपलं आपलं असतं.

एक काळजीचं. बोटातली रिंग बॅज घालतेस ना? नवीन मुलं रन फसला की घाईने हॉट सेल उघडून काय झालं बघायला जातात. ५११ ला शिसं ४-५ मिलिमीटर घातलं तर जेमतेम निम्मं कमी होतं, वायल हातात धरणं म्हणजे काय ते यावरून समज. थांबायचं. दहा हाफ लाईफ म्हणजे अठरा-एक तास, दुसऱ्या दिवशी सकाळी उघड, काच काही पळून जात नाही.

हॉटसेल_नवखी:

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, राहवत नव्हतं!

पहिल्या आठवड्यात रेसिपीत काहीही बदललं नाही, फक्त वही घेऊन मोजलं. क्यूएमएवर ६ टक्के राहिलं ते ठीक, पण रिॲक्शन वायल रिकामी केल्यावर तिच्यात ३१ टक्के! काचेला. काकांनी सांगितल्याप्रमाणे वायल दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. दुसऱ्या आठवड्यात इलुअंट बदललं, पोटॅशियम ट्रायफ्लेट १० मिग्रॅ आणि कार्बोनेट फक्त ५० मायक्रोग्रॅम, क्रिप्टोफिक्स पूर्ण बंद, ड्राय डाऊनचा वेळ चार मिनिटांनी कमी, आणि प्रीकर्सरनंतर १५ मिली हवा. टीएलसीवर २४ टक्के. मी तीन वेळा स्कॅन केली ती प्लेट. काल ब्युटेनॉल घालून केलं, टीएलसीवर ३८ आणि आयसोलेट करून डीके करेक्टेड १७ टक्के. गाईडना फोटो पाठवला, त्यांनी रात्री अकराला फोन केला.

आता नवीन अडचण. प्रॉडक्टच्या अगदी बाजूला यूव्ही डिटेक्टरवर एक मोठा पीक येतो, रेडिओ डिटेक्टरवर काही नाही. बोरॉन गळून हायड्रोजन लागलेला असणार ना तो? अर्धा मिनिट पण फरक नाही दोघांत.

राईनकाठचा:

१७! फार आनंद झाला. हो, तोच तो, आणि त्याला सोडू नका कारण दिसायला तुमच्या ट्रेसरचाच भाऊ आहे, रिसेप्टरला बहुधा तोही चिकटेल आणि मोलर ॲक्टिव्हिटी चांगली असूनही स्कॅनमधे सिग्नल कमी मिळेल. सी-१८ सोडून पेंटाफ्लुरोफेनिल कॉलम लावून बघा, रिंगवर फ्लोरिन आहे की हायड्रोजन हा फरक त्याला जास्त कळतो. ॲसिटोनायट्राईलऐवजी मिथेनॉल पण करून बघा, आणि प्रीकर्सर ५ वरून २ मिग्रॅवर आणला तर तो पीकच लहान होईल, यील्ड थोडा पडेल पण सेपरेशन सुटेल. आणि शेवटच्या प्रॉडक्टमधलं कॉपर किती ते बघायला सँपल आयसीपी-एमएसला (धातूचा अंश मोजणाऱ्या तपासणीला) नक्की पाठवा, इंजेक्शनमधे दिवसाला ३०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, सी-१८ कार्ट्रिजवर नीट धुतलं तर त्याच्या खूपच खाली येतं.

बीमवाला:

सँपल डीके झाल्यावरच पाठवा आयसीपीला, आणि वायलवर तारीख वेळ टाका. गुरुवारी बीम हवा असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा तुमच्या ऑपरेटरला, टार्गेट एकदा नुसत्या पाण्याने धुवून घेतो म्हणावं.